पोती मोजायचा काटा

डॉक्टरांनी दहा किलो कमी करायला बजावलं, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आणि मी एकमेकींना हुरूप द्यायचं ठरवलं. रोज सकाळी कसबा पेठेतून चालायचं, साखर बंद, आणि संध्याकाळी फोनवर परस्परांचं कौतुक. दोन महिने कौतुक जोरात चाललं. काकूंना मी फोनवरच्या आवाजावरूनसुद्धा बारीक झाल्यासारखी वाटायचे. त्या भरात आम्ही साबुदाण्याची खिचडीही पथ्यात बसवली.

एकदा आम्ही दोघी तांदूळ घ्यायला गेलो असताना मी दुकानातल्या पोती मोजायच्या काट्यावर उभी राहिले. वजन दोन किलोंनी वाढलं होतं.

"काटा बिघडला असेल हो," काकू समजुतीनं म्हणाल्या.

दुकानदारानं पेपरातून मानही वर केली नाही. "काटा बरोबर आहे. उतरा आता, गव्हाचं पोतं खोळंबलंय."

त्या दिवसापासून मी रागानं चालले आणि रागानंच भाकरी मोजून खाल्ली. काकूंचं मात्र मी रोज कौतुक करत राहिले, त्यामुळे त्या आहेत तशाच राहिल्या.

सहा महिन्यांनी नऊ किलो उतरवून मी मुद्दाम त्याच काट्यावर जाऊन उभी राहिले. दुकानदारानं आकडा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"काटा दुरुस्तीला टाकायला हवा," तो म्हणाला.