डोळे मिटून लागलेली हजेरी

"तू, मागे ऑक्सिजनचा पाइप दिसतोय ती. डोळे का उघडलेस?"

मोबाईलवरून ध्यान शिकवणाऱ्या मॅडम बोलल्या. मोठ्या शहरातल्या, गोड आवाजाच्या. आमच्या नर्सिंग कॉलेजच्या साऱ्या पोरी त्या मीटिंगमध्ये होत्या. "गावाकडच्या मुलींना आपल्या मनाकडे बघायची सवयच नसते," म्हणून त्या हसल्या. पोरीही हसल्या. माहे कान तापले. मी डोळे मिटले.

नर्सिंगच्या पोरी लवकर खचतात म्हणे, म्हणून हे ऑनलाइन ध्यान ठेवलं होतं. ड्युटीवर असो का होस्टेलवर, कॅमेरा चालू अन् डोळे बंद, तरच हजेरी. हजेरी कमी पडली का परीक्षा गेली. मी बायकांच्या वॉर्डात टेबलाशी बसली होती. साऱ्या वॉर्डाले आम्ही दोघी शिकाऊ, त्यातली एक ओपीडीत पाठवलेली. आम्ही कायनं खचतो, हे कोणी पुसलंच नव्हतं.

डोळे उघडले ते एका म्हातारीपायी. लाखांदुराकडच्या खेड्यातली. धानाच्या रोवण्याच्या वेळी शेताच्या धुऱ्यावरून घसरून मांडीचं हाड मोडलेलं, पायाले वजन बांधलेलं. ती "बाई... बाई वो" एवढंच म्हणून राहिली होती. बाजूच्या खाटांपाशी भेटायले आलेली माणसं उभी होती. आमच्याकडची म्हातारी माणसांपुढं लघवीचं भांडं मागत नाही, नुसतं बाई म्हणते. हे मले पक्कं माहीत होतं. माही मायही तशीच.

मॅडम म्हणाल्या, "आवाज ऐकू द्या. त्याच्या मागे जाऊ नका. तो येईल आणि जाईल."

मी गेली नाही. चारदा ऐकलं. मग आवाज बंद झाला.

तास संपल्यावर धावली. गादी ओली, लुगडं ओलं. म्हातारीनं तोंड फिरवलं होतं. "राग नको करू बाई, माहीच चुकी झाली."

मी तिचं अंग पुसलं, चादर बदलली. अन् मोबाईलवर ध्यान कसं झालं याचा फॉर्म आला, त्यात लिहिलं, मन शांत वाटलं. कोणी माहा हात धरून लिहून घेतलं नाही. मॅडमवर ढकलून मी सुटत नाही.

पुढच्या तासाले मॅडम म्हणाल्या, अनुभव सांगा. मी माईक चालू केला. "तुम्ही जो आवाज सोडा म्हटलं, ती एक म्हातारी होती. ती गादीत लघवीनं भिजली अन् माहीच माफी मागत होती."

कोणी हसलं नाही. आमच्या कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या, "विषय सोडून बोलू नकोस. गैरहजेरी लागेल."

"लावा," मी म्हटलं.

म्हातारीले तोवर नागपूरले पाठवलं होतं. तिची माफी मागायची राहिली, ती राहीलच. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजले लेखी दिलं, का ड्युटीच्या वेळात मी डोळे मिटणार नाही. खाली सही केली. परीक्षेले बसू नाही दिलं तरी तो कागद मी वापस घेणार नाही.