सासुरवाडी पाण्याबाहेर

सगळ्यांनी मिळून काढायच्या ऑनलाइन नकाशावर काल आमच्या हिचं माहेर चक्क समुद्रात दिसलं! किनाऱ्याची रेघ कुणीतरी उलट्या दिशेने ओढली होती. रेघ ओढत जाताना डाव्या हाताला जमीन, उजव्या हाताला पाणी, असा तिथला नियम. मी दिशा फिरवली. एवढ्या वर्षांत सासुरवाडीच्या प्रथमच उपयोगी पडत होतो.

हिने फोन कानाला लावूनच विचारलं, "अहो, आई विचारतेय, आम्ही वर आलो का?"

"नकाशा बदलायला वेळ लागतो म्हणावं."

खरा समुद्र ती रेघ रोज ओलांडतो आणि आपणहून मागे जातो. तरी सकाळी निळ्या रंगातून गाव वर आलं, तेव्हा मी ओरडलोच. ही धावत आली, स्क्रीनवर बोट टेकवून म्हणाली, "इथे आमची विहीर. तीही काढा."