कोनच्या रस्त्यावरचं स्थळ

आमच्या अण्णांची गाडी भिवंडीत सगळ्यांनी ढकललेली होती.

सगळ्यांनी म्हणजे अक्षरशः सगळ्यांनी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने. सकाळी सातला रात्रपाळी सुटायची, आणि नेमके सातलाच अण्णा गाडी काढायचे. बारा तास उभं राहून आलेले कारागीर, डोळ्यांत झोप, केसांत कापूस, पण अण्णांनी नुसती काच खाली केली की दहा-बाराजण धावत यायचे. “चलो भाई, चाचा की गाडी!” एक-दोन-तीन! गाडी शिंकायची, खोकायची आणि सुरू व्हायची. ती माणसं टाळ्या वाजवून झोपायला जायची. (आता वाटतं, त्यांच्यातल्या एकाचंही नाव मी कधी विचारलं नाही. चहा मात्र एकदा पाजला होता, तेवढीच जमेची बाजू.)

अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि लूमवाल्यांची पावतीपुस्तकं छापायची. गाडी त्यांनी एका डॉक्टरांकडून घेतली होती, आणि डॉक्टरांनी ती का विकली हे ती घरी आणताना अर्ध्या वाटेतच अण्णांना समजलं होतं. तरी अण्णांचा तिच्यावर जीव! तिला ते गाडी म्हणायचेच नाहीत. ‘ती’ म्हणायचे. माझ्या सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. त्यामुळे ‘ती गारठ्याने अगदी आखडलीय हो, सकाळी हलायलाच तयार नाही’ असं अण्णा म्हणाले, की नवा पाहुणा चमकून आतल्या खोलीकडे बघायचा.

मी या घरात आले ती शाळेतली गणिताची बाई म्हणून. गणित्याला आतबट्ट्याचा व्यवहार बघवत नाही. महिन्यातून वीस दिवस गाडी उस्मानभाईंच्या गॅरेजमध्ये आणि उरलेले दहा दिवस उस्मानभाई आमच्या दारात!

“उस्मानभाई, खरं सांगा, हिच्यात काही राम आहे का?” मी एकदा विचारलं.

“भाभी, इंजन शेर आहे, शेर!” गाडीखालून आवाज आला. थोडं थांबून पुन्हा आवाज आला, “बाकी सब गीदड आहे.”

झालं! घरात दोन पक्ष पडले. मी आणि ‘हे’ म्हणायचो, गाडी विका, नवीसाठी नाव नोंदवा. नव्या गाडीचा नंबर लागायला तेव्हा वर्षानुवर्षं लागायची. म्हणजे आज नोंदवलं तर म्हातारपणी तरी नीट बसता येईल. अण्णा म्हणायचे, एकदा तिचं सगळं काम नीट करून घ्या, ती अजून वीस वर्षं चालेल. नणंद मालती तटस्थ होती. ती छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायची, आणि गाडी बंद पडली की सगळ्यात आधी पदर खोचून ढकलायला उतरायची.

शेवटी मालतीच्याच निमित्ताने निकाल लावायचं ठरलं. कल्याणचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलाच्या आईचा पाय मोडून प्लास्टरमध्ये होता, म्हणून ‘तुम्हीच मुलीला घेऊन या’ असा निरोप आला. मुलाचा फोटोही आला. तो ऑफिसच्या सहलीचा. सतरा माणसं ओळीत उभी, आणि ‘हा आमचा दिलीप’ म्हणून एकावर शाईने फुली मारलेली. फुली नेमकी तोंडावर! फुलीच्या बाहेर फक्त दोन कान दिसत होते. कान मात्र भरपूर होते.

“निदान ऐकून तरी घेईल,” मालती म्हणाली.

अण्णांनी जाहीर केलं, “रविवारी तिच्यातूनच जायचं. ती न थांबता कल्याणला पोचली, तर दुरुस्त करायची. वाटेत थांबली तर मी स्वतः विकीन. शब्द!”

आता मी काय केलं ते सांगते. सांगताना अजूनही तोंड लपवावंसं वाटतं.

गाडीचा रेडिएटर गळायचा. निघण्याआधी त्यात दर वेळी घागरभर पाणी घालावं लागे. रविवारी अण्णा कोट घालून तयार होते, म्हणून मला म्हणाले, “सूनबाई, तिला जरा पाणी पाज.” मी घागर उचलली, गाडीपर्यंत गेले, आणि माझ्यातली गणिताची बाई जागी झाली. पाणी नाही, तर इंजिन तापेल. तापलं, तर गल्लीच्या टोकाशीच थांबेल. थांबलं, तर आपण सरळ एस.टी.ने कल्याणला जाऊ, आणि उद्या नव्या गाडीसाठी नाव नोंदवू. गणित सुटलं! मी ते पाणी तुळशीला घातलं.

पण जी गाडी एरवी पोस्टापर्यंत जायची नाही, ती त्या दिवशी काय धावली म्हणता! गल्लीचं टोक गेलं. नाका गेला. भिवंडीच मागे गेली! अण्णा खुशीत शीळ घालत होते. हे माझ्याकडे बघून खांदे उडवत होते. (त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.) मी मनात म्हणत होते, अगं बाई, थांब ना! आता नाही थांबलीस तर भलतीकडे थांबशील!

ती भलतीकडेच थांबली. कोन गावाशी, ऐन वैशाखात, सकाळी साडेदहाला. मागे भिवंडी नाही, पुढे कल्याण नाही. बॉनेटमधून असा वाफेचा लोट निघाला, की जवळच्या शेतातली दोन माणसं आग लागली समजून धावत आली.

अण्णा खाली उतरले. बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला.  नुसते उभे राहिले.

समोरच्या घरातून एक बाई कमरेवर हात ठेवून बाहेर आल्या. त्यांचं नाव बायजाबाई. त्यांनी एकदा वाफेकडे पाहिलं, एकदा आमच्या जरीच्या साड्यांकडे.

“गारी तापली हाय तुमची. पानी घातला न्हाय का बाय?”

कोनच्या बायजाबाईंना जे एका नजरेत समजलं, ते माझ्या तोंडावरही लिहिलेलं असावं अशी मला भीती वाटली. मी घाईघाईने म्हणाले, “कळशी देता का? मीच आणते विहिरीवरून.”

“कल्शी घे, पन थंड झाल्याबिगर ओतू नको. न्हायतर फुटंल ती!” गाडी फुटेल की कळशी, ते विचारायला मी थांबलेच नाही.

विहिरीवर पोचते तोच एक सायकलवाला आला. डोक्याला, कानांना, गळ्याला उन्हासाठी पंचा गुंडाळलेला, फक्त डोळे आणि नाक दिसत होतं. “द्या ती कळशी, मी काढून देतो,” म्हणाला. सज्जन माणूस! भिवंडीहून आलात का, कुठे निघालात, असं त्याने विचारलं, आणि सकाळपासून पोटात दाबून ठेवलेलं सगळं मी त्या परक्या माणसापुढे भडाभडा ओकले.

“नणंदेला दाखवायला चाललोय हो कल्याणला. सोन्यासारखी पोर आहे. आणि माझ्यामुळे तिचा मुहूर्त चुकतोय!”

“तुमच्यामुळे?”

“मीच पाणी घातलं नाही! मुद्दाम! सासऱ्यांना सांगू नका हं. त्यांचा जीव आहे त्या डबड्यावर.”

“नाही सांगत,” तो म्हणाला. “मुलगा कसा आहे?”

“कोण जाणे! फोटोत नुसते कान दिसतात. असे!” मी दोन्ही हातांनी दाखवले. कळशी माझ्या पायावर सांडली.

तो खोकला. मला वाटलं धूळ गेली घशात.

अर्ध्या तासाने इंजिन निवलं. तोवर बायजाबाईंनी सगळ्यांना ताक दिलं, मालतीला ओसरीवर बसवून वारा घातला, आणि ‘पोर गुनाची हाय, हिला कोन न्हाय म्हनंल’ असं प्रमाणपत्रही दिलं. पाणी घातलं. गाडी अर्थातच सुरू झाली नाही. ढकलायला हवी! ते दोन शेतकरी आले, बायजाबाई आल्या, सायकलवालाही सायकल झाडाला टेकवून आला. मालतीने नव्या साडीचा पदर खोचला आणि त्याच्याशेजारी उभी राहिली.

“अहो, नुसता हात काय लावताय? जोर लावा, जोर!” ती त्याच्यावर ओरडली.

“लावतोय हो!”

“मग दिसू द्या की!”

गाडी धडधडली, धुराचा एक काळा ढग सोडला आणि सुरू झाली. तो ढग कुणाच्या तोंडावर गेला ते तुमच्या लक्षात आलंच असेल. आता थांबली असती तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. म्हणून मी आणि मालती चालत्या गाडीत उड्या मारून बसलो आणि खिडकीतून ओरडलो, “आभारी आहोत हो! थांबता येत नाही!”

कल्याणला पोचलो तेव्हा तासभर उशीर झाला होता. मालतीच्या हाताला ग्रीस, गालाला काजळी. मुलाच्या आई प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. “अहो, किती काळजी लागली! तुम्हाला बघायला दिलीपला पाठवला सायकलवरून, कोनच्या रस्त्याने. भेटला नाही?”

माझ्या हातातलं पाणी हातातच राहिलं.

तेवढ्यात दारात सायकल वाजली. तो आत आला. तोंड काळंभोर. त्याने सावकाश पंचा सोडला.

कान! तेच ते कान!

मालतीने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतेय. ती खांदे गदगदून हसत होती. मी मात्र देवाचा धावा करत होते. हा आता बोलणार. पाणी, डबडं, कान, सगळं बोलणार!

तो मुकाट्याने तोंड धुऊन आला आणि समोर बसला. पण त्याच्या आईंनी सहज विचारलं, “गाडी कशाने हो बंद पडली?”

अण्णांनी कपातला चहा ढवळला. साखर विरघळून कधीच झाली होती, तरी ढवळत राहिले. “वय झालं तिचं,” ते म्हणाले. “मीच उगाच हट्ट धरला. विकून टाकतो आता.”

अण्णांचा आवाज मी तोवर कधी तसा ऐकला नव्हता. सासूबाई गेल्यावर या माणसाने मालतीला आईविना वाढवलं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा स्वतः चहा करून माझ्यापुढे ठेवला होता. ‘नोकरी सोडू नकोस’ असं सांगणारे माझ्या ओळखीतले ते एकमेव सासरे होते! आणि अशा माणसाच्या एकुलत्या एक लाडक्या वस्तूला मी तहानेने मारत होते.

दिलीप माझ्याकडे बघत नव्हता. शब्दाला जागून मुद्दाम खिडकीबाहेर बघत होता. तेच मला सोसलं नाही.

“अण्णा, गाडीचा काही दोष नाही,” मी म्हणाले. “पाणी मी घातलंच नव्हतं. तुळशीला घातलं.”

भर बघण्याच्या कार्यक्रमात! ह्यांच्या हातातला पोह्यांचा चमचा खाली पडला.  आता हे स्थळ गेलं, मालतीचं लग्न मोडलं, मला माहेरी पाठवणार, असं मी भराभर मोजून टाकलं.

आणि मुलाच्या आई हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की प्लास्टरमधला पाय दुखून ‘आई गं, आई गं’ करत हसल्या. “अहो, इथे येऊन सगळे मुलीच्या स्वयंपाकाचं खोटं कौतुक सांगतात,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “ज्या घरातली सून स्वतःची चोरी अशी भर बैठकीत सांगते, तिथली मुलगी मला चालेल. दिलीप, तुझं काय?”

“मला मघाशीच पसंत होती,” दिलीप म्हणाला. “जोर लावायला सांगत होती तेव्हाच.”

परतीच्या वाटेवर कोनला अण्णांनी गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवून. पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला. “जा, बायजाबाईंना देऊन ये. पाया पड त्यांच्या.” मी पडले. बायजाबाईंनी मला उचलून छातीशी धरलं आणि विचारलं, “आता तरी पानी घालशील ना गो?” म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं! पुढे मालतीच्या लग्नात त्या पहिल्या पंगतीला होत्या, आणि मुलीकडच्या बाजूने सगळ्यात मोठ्याने त्याच बोलत होत्या.

घराजवळ आल्यावर अण्णा म्हणाले, “सुधा, तुला नवी हवी होती तर भांडायचं होतंस. मी हरलो असतो. तिला का उपाशी ठेवलंस?”

 दुसऱ्या दिवशी मीच उस्मानभाईंकडे गेले आणि सांगितलं, जे जे गीदड आहे ते सगळं बदला. त्यांनी महिनाभर खपून गाडी दुरुस्त केली. ती पुढे कितीतरी वर्षं चालली. तिच्यातून मालतीची पाठवणी झाली, माझी दोन बाळं घरी आली, आणि लूमवरच्या एका कारागिराचा हात यंत्रात सापडला तेव्हा अण्णांनी त्याला तिच्यातूनच ठाण्याला नेलं. त्याचं नाव मी विचारलं. इलियास.

मात्र रोज सकाळी तिला पाणी पाजायचं काम अण्णांनी मला लावून दिलं, ते शेवटपर्यंत. शाळेला जायच्या साडीत, हातात घागर घेऊन बॉनेटपाशी उभी असलेली गणिताची बाई गल्लीने वर्षानुवर्षं पाहिली. त्यावरून हिला मोटारीतलं सगळं समजतं, असा एक भलता समज भिवंडीत पसरला. अजून कुणाची गाडी अडली की मला निरोप येतो. मी जाते, चष्मा लावते, वाकून बराच वेळ आत बघते, एक-दोनदा ‘हं’ म्हणते आणि सांगते, “पाणी घाला.” आणि तिथून शक्य तितक्या लवकर निघते, कारण त्यापुढचं मला काहीही येत नाही!