सातेरीने न दिलेला कौल

मला गाडी घ्यायची होती आणि मला गाडीचीच भीती वाटत होती. हे ऐकून कुणालाही हसू येईल, पण त्या दिवसांत माझी तशीच अवस्था होती. नागोयातल्या ज्या हॉटेलात मी स्वयंपाकी आहे, त्याच्या मालकांनी डोंगरात एक छोटी शाखा काढली आणि तिथलं स्वयंपाकघर माझ्यावर सोपवलं. नववीत शाळा सोडलेल्या माणसावर एवढा विश्वास कोण टाकतो? पण तिथं जायला सकाळची बस नव्हती, आणि राहायची खोली नदीकाठच्या खडीच्या रस्त्यावर. उंच, दणकट, खडीवर न डगमगणारी मोटरसायकल हवी होती. नवीन परवडण्यातली नव्हती. जुनी एक मिळत होती, अडीचशे सीसीची, लांबच्या प्रवासाची, ऐंशी हजार किलोमीटर धावलेली. एवढ्या लहान इंजिनाच्या गाडीला इथं सरकारी तपासणी लागत नाही. म्हणजे ती कशी आहे हे मालक जाणे आणि देव जाणे.

माझ्या भीतीचं मूळ गावाकडे आहे. शाळा सोडल्यावर मी कुडाळला एका गॅरेजात हाताखाली लागलो. तीन वर्षांत कान असा तयार झाला, की नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायचो. त्याच मस्तीत दादासाठी एक जुनी गाडी मी पसंत केली. "इंजिन टकाटक आहे, डोळे मिटून घे," म्हणालो. घाटात तिची साखळी तुटून मागच्या चाकात अडकली. दादा वाचला, पण डावा पाय कायमचा आखूड झाला. तो मला एका शब्दानं बोलला नाही. मी मात्र पाना खाली ठेवला तो ठेवलाच, आणि झारा हातात घेतला.

त्यामुळे या गाडीचा निर्णय मी देवीवर टाकला. आमच्या गावात सातेरीला कौल लावल्याशिवाय कुणी विहीरसुद्धा खणत नाही. गुरव मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी दादाला फोन करून कौल लावायला सांगितलं. माझ्या ओळखीच्या एका पुणेकर इंजिनिअरनं त्या मॉडेलचे नेहमीचे बिघाड लोकांच्या तक्रारी वाचून एका तक्त्यात मांडून दिले होते. कॉइल जळते, पेट्रोलचा पंप अडतो, अमुक बेअरिंग वाजतं. तो तक्ता वाचून माझी झोपच उडाली. त्याच्यापेक्षा पाकळी बरी.

गाडी बघायला जायच्या सकाळी दादाचा फोन आला. "अरे, कौल लागलोच नाय. दोनव पाकळ्यो चिकटान बसल्यो. ना उजवी पडली, ना डावी. गुरव म्हणता, सोमवारी परत इचारूया."

"मग मी नको म्हणून सांगतो, दादा."

"तू इतको कित्याक घाबरतस रे? लंगडतंय मी, आणि कुबडी घेतलंस तू!" तो हसत होता. मला हसता आलं नाही.

तरी दिलेली वेळ पाळायला हवी होती. नाही म्हणायचं तर तोंडावर जाऊन म्हणावं, इथं तीच रीत. इंजिनिअरची बायको, आमच्या वहिनी, दुभाष्या म्हणून बरोबर आल्या. मोटारही त्याच चालवत होत्या. शहर सुटलं आणि धुकं लागलं. देवदारासारखी उंच झाडं धुक्यातून एकेक करून पुढे यायची आणि पुन्हा विरघळायची. रस्ता आपल्याला नेतोय की आपण जागच्या जागी आहोत आणि डोंगरच हळूहळू मागं सरकतोय, कळत नव्हतं. मी मनात सातेरीला म्हणत होतो, आई, एवढी कधी गप्प बसली नव्हतीस.

गाडीच्या मालकीण, होरी-सान, सत्तरीला आलेल्या, काटक, पांढऱ्या केसांच्या. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, म्हणून गाडी विकायला काढलेली. त्यांनी आधी चहा दिला आणि मग एक वही. वीस वर्षांची नोंद, पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरांत: तेल कधी बदललं, टायर कधी, कुठल्या पावसात साखळी धुतली. ती वही बघून माझा नकार डळमळला. इंजिनाचा आवाजही असा, की जणू मांजर उन्हात पडून घुरघुरतंय.

"भाऊ, गाडी घेताय की मुलगी बघताय?" वहिनी मराठीत कुजबुजल्या. "काहीतरी बोला. त्या कधीच्या थांबल्यात."

मी खरं ते सांगून टाकलं. गावच्या देवीला विचारलंय, तिनं अजून उत्तर दिलेलं नाही. वहिनी क्षणभर अडखळल्या, मग त्यांनी तसंच जपानीत सांगितलं. मला वाटलं, आता बाई हसतील. त्यांनी हात मांडीवर ठेवून नीट ऐकलं आणि जे म्हणाल्या ते वहिनींनी मला सांगितलं: "देवी विचार करत असेल, तर आपण घाई करायला नको. तोवर गाडी उघडून बघू."

त्यांनी अंगणात स्वच्छ चादर अंथरली आणि पाने ओळीनं मांडले. मी गुडघे टेकून बसलो. इतक्या वर्षांनी पाना हातात घेतला आणि पहिला बोल्ट सैल केला. धुकं अंगणात उतरलं होतं, आणि त्यात फक्त ती गाडी आणि माझी बोटं उरली होती. कुडाळचे मिस्त्री म्हणायचे, डोळ्यांनी बघतो तो गिऱ्हाईक, बोटांनी बघतो तो मिस्त्री. दादाच्या गाडीच्या वेळी मी ना डोळे वापरले ना बोटं. नुसता कान लावला आणि ऐट केली. आता एकेक जोड, एकेक नळी चाचपत गेलो. पुढच्या ब्रेकची नळी तिला धरणाऱ्या पट्टीखाली जिथं वळते, तिथं बोटाला ब्रेकच्या तेलाची ओल लागली. हँडल पूर्ण वळवलं, तेव्हा रबराची चीर उघडली. केसाएवढी. हँडल सरळ केलं, की दिसेनाशी. वहीत ती सापडणार नव्हती, तक्त्यात नव्हती, आवाजात तर नव्हतीच.

मी होरी-सानचं बोट धरून तिथं टेकवलं. त्यांनी स्वतः हँडल वळवून ती चीर पाहिली. मग चादरीवरच बसून त्यांनी कपाळ जमिनीला लागेल इतकं वाकून मला नमस्कार केला. मी घाबरून वहिनींकडे पाहिलं. बाई वाकलेल्या असतानाच काही बोलल्या, ते वहिनींनी मला सांगितलं: "भाऊ, त्या उद्या निघणार होत्या. एकट्याच, गाडी देण्याआधी शेवटचं एकदा, घाट उतरून समुद्रापर्यंत."

मी माझ्याच जिवाची काळजी करत आलो होतो. उजवी पडते की डावी, एवढाच माझा प्रश्न होता. पाकळी उजवी पडली असती, तर मी पैसे देऊन मान डोलावून निघालो असतो आणि त्या दुसऱ्या दिवशी तीच चिरलेली नळी घेऊन घाटात असत्या. डावी पडली असती, तर दारातच नको म्हणून परतलो असतो, आणि चीर तशीच राहिली असती. मी काही सिद्ध करायला निघालेलो नाही. कुणी म्हणेल, पाकळ्या ओल्या होत्या म्हणून चिकटल्या. असतील. पण त्या अंगणात माझ्या हातांमागे कुणाचा तरी हात होता, एवढं मला जाणवलं, आणि मी ते नाकारू शकत नाही.

सोमवारी परत विचारू नको, असं मी दादाला कळवलं. नवी नळी आली, ती मीच बसवली. होरी-सान समुद्रापर्यंत जाऊन आल्या आणि त्यानंतर गाडी माझी झाली. आता रोज निघण्याआधी मी खाली वाकून सगळे जोड बोटांनी चाचपतो. माझ्या हातातलं होतं ते झालं, की पुढचं सातेरीवर. पूर्वी मला वाटायचं, देवावर टाकणं म्हणजे आपण डोळे मिटणं. तसं नसतं, हे मला त्या गप्प बसलेल्या आईनं शिकवलं.

किल्ली देण्याच्या दिवशी धुकं नव्हतं. होरी-साननी दोन्ही हातांनी किल्ली माझ्या ओंजळीत ठेवली आणि विचारलं, तुमच्या देवीचं गाव कुठल्या दिशेला? मी अंदाजानं पश्चिमेकडे बोट दाखवलं. त्या तिकडे वळल्या, इथल्या देवळात वाजवतात तशी दोनदा टाळी वाजवली, आणि दुखऱ्या गुडघ्यानं जमेल तेवढं वाकल्या. त्यांच्या शेजारी मीही हात जोडले. काही मागावं म्हणून मन चाचपून पाहिलं, पण मागायचं असं काही उरलंच नव्हतं.