याडीचा झेंडा अन् चार प्लेटा

माझ्या लेकीचा, शितलचा बाप माझा नवराच हाय म्हणून सांगते, असा संशयी माणूस सिद्धेश्वरच्या धरणावर दुसरा न्हाई. कागदावर नाव उत्तमसिंग. दूधवाल्यादेखत दुधात बोट बुडवून बघतो. फोन आला तर आधी विचारतो, तिथं अजून कोण हाय? पण सख्ख्या भावाला चोर म्हणंल, असं मला वाटलं न्हवतं.

आमची मासे धरायची नाव. धाकटा दीर जगन हिंगोलीला वायरिंगचं काम करतो. त्यानं नावेच्या छपरावर सोलरच्या चार प्लेटा बसवल्या. त्याच्यावर बॅटरी भरते, बॅटरीवर मोटर चालते. दोन सालं बराबर चाललं.

मागच्या दिवाळीला सासूनं, भिकाबाईनं, नावेला बांबू बांधून सेवालाल महाराजांचा पांढरा झेंडा लावला. आमच्या तांड्यात आईला याडी म्हणतात. पंधरा दिवसांनी याडी गेली. अन् त्याच दिवसांत बॅटरी दुपारनंतर भरायची बंद झाली. एकदा ऐन पाण्यात मोटर थांबली, वल्ही मारत घाट गाठला.

याडीच्या कार्याच्या वेळी जगननं नाव वापरली होती. तेवढ्यावरून ह्याच्या मनात पाल चुकचुकली, की त्यानं नवी बॅटरी काढून जुनी टाकली. जगन बिचारा स्वतःहून बघायला आला. बॅटरीचा डबा उघडला, वायरी चाचपल्या. तो निघाला तर हा घाटावर चार माणसांत म्हणतो, "आधी खिसे दाखव."

जगननं मान खाली घातली अन् गेला. त्या दिवसापासून त्यानं आमचा उंबरा ओलांडला न्हाई.

मग डब्याला कुलूप लागलं, किल्ली करदोड्याला. तरी दुपारी तेच रडगाणं. तर मला म्हणतो, "तूच त्याला किल्ली देऊन राहिली." माझं डोकंच फिरलं. म्हणलं, चला, आज दोघं नावेतच बसू. बघू कोणता चोर येतो.

बसलो. किती करंट येतो ते दाखवणाऱ्या, डब्यावरच्या मीटरचा आकडा पाचावर होता. दुपार कलली. झेंड्याच्या बांबूची सावली सरकत सरकत एका प्लेटीवर आली अन् आकडा एकावर. मी उठून बांबू हातानं वाकवला, पुन्हा पाच. सोडला, एक. मग ह्यानं स्वतः तीनदा वाकवून बघितला.

जगनकडं मीच गेले. तो म्हणला, "मला त्याच दिवशी कळलं होतं, वहिनी. मी प्लेटा एकीला एक जोडल्यात. एकीवर सावली पडली की चौघींचा करंट अडतो."

"मग बोलला काहून न्हाई?"

"झेंडा काढ म्हणू? याडीच्या हातचा हाय तो. जोडणी बदलून झेंडा ठेवता आला असता, पण दादानं खिसे दाखव म्हणलं. मग कुलूप."

माझ्या शब्दाखातर तो आला. प्रत्येक प्लेटीची वायर येगळी काढली, जाड वायरीनं सगळ्या थेट डब्यापर्यंत आणल्या. दुपारी झेंड्याची सावली पडली तर त्या एका प्लेटीचंच गेलं, बाकी तिघींचं चालू राहिलं. झेंडा जागचा हलला न्हाई. शितलचा बाप घाटावर उभा राहून सगळं बघत होता.

काम आटपून जगन काठावर उतरला. भावाच्या समोर उभा राहिला अन् दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. एकातून चिकटपट्टीचा गुंडाळा निघाला. "हा तुमचाच," म्हणून नावेत ठेवला.

ह्यानं करदोड्याची किल्ली सोडून पुढं केली. म्हणला, "जगन, घे. तुझ्याजवळच राहू दे."

"नको दादा. उद्या काही झालं तर?"

मी म्हणलं, भाकर तरी खाऊन जा. मला लई रडू येत होतं. तो खिसे आत सारत हिंगोलीच्या जीपकडं चालू लागला.