टकळी, मफलर आणि वैशाखातले तीन मुहूर्त

माघातला पहिला रविवार, सकाळचे नऊ. स्थळ: लोणखेड्याच्या मारुतीचा सभामंडप (घरी रंगकाम चालू होतं). हजर: मी, हे, सासूबाई, आमची पल्लवी, कळसाडीहून आलेले होणारे व्याही आबा आणि विहीणबाई. गैरहजर: गुरुजी, म्हणजे सगळं वेळापत्रकाप्रमाणेच! विषय: पल्लवीच्या लग्नाची तारीख. अडचण एकच. नवरदेवाला पुण्याच्या कंपनीतून रजा फक्त वैशाखात मिळणार होती. वैशाख हुकला, की थेट तुळशीच्या लग्नानंतर.

मंडप तीन बाजूंनी उघडा, त्यामुळे थंडीही वेळेवर हजर होती. पायरीशी शेकोटी पेटवली होती. मी पिशवीतून टकळी काढली.

खुलासा करते. दर हिवाळ्यात आमच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसतात. यंदा मेंढपाळाच्या बायकोनं मला लोकर दिली आणि टकळीवर कातायला शिकवलं. आबांसाठी मफलर करायचा, असं मी ठरवलं. तेव्हापासून बसस्टँड असो, बँकेची रांग असो की दातांचा दवाखाना, मी काततच असे. इतर लोक वाट बघतात, मी वेळेचा उपयोग करते. (इतर लोकांना मित्रमैत्रिणी असतात, हा भाग वेगळा.)

"अठे काय काती ऱ्हायनी वं?" सासूबाई कुजबुजल्या. "पोरनी तारीख शे आज!"

"गुरुजी येईपर्यंत चार हात सूत होईल," मी म्हटलं आणि टकळीला झोकात गिरकी दिली.

गुरुजी आले, पंचांग उघडलं. "वैशाखात तीन मुहूर्त आहेत. पहिला, आखाजीनंतरचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचा गुरुवार..."

"आऽक्छी!" हे शिंकले.

शुभ बोलताना शिंक! गुरुजींनी गुरुवारावर काट मारली. मी ह्यांच्याकडे असं पाहिलं, की पुढची शिंक त्यांनी गिळलीच.

"दुसरा मुहूर्त, त्यानंतरचा सोमवार..."

विहीणबाई शिंकल्या. एकदा नाही, तीनदा. त्यांच्याकडे मात्र तसं पाहता येईना. सोमवार गेला.

"आता शेवटचा," गुरुजी म्हणाले. सगळ्यांनी श्वास रोखले. मी ताण सहन न होऊन टकळी जोरात फिरवली. गुरुजींनी तोंड उघडलं आणि स्वतःच शिंकले!

पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंच्याही. माझ्याही घळाघळा वाहू लागलं. आबा विरघळले आणि मला म्हणाले,

"रडू नका विहीणबाई! पोर कळसाडीले जाई ऱ्हायनी, परदेशले नई!" असं म्हणता म्हणता तेही डोळे पुसू लागले. वरपक्ष लग्न ठरण्याआधीच रडतोय, हे दृश्य जिल्ह्यात प्रथमच दिसलं असेल.

तेवढ्यात माझं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं. लाल! पिशवीत डोकावले. पिशवी म्हणजे काय, नंदुरबारच्या बाजारातून आणलेल्या मिरचीचं पोतं कापून मी कालच शिवलेली. 'पोतं धुणे' हे काम यादीत होतं, त्यापुढे बरोबरची खूणही होती. माझी एक पद्धत आहे: खूण आधी करते, म्हणजे काम लक्षात राहतं.

घाबरायचं नाही, पुरावा संपवायचा. मी हळूच पायरीशी गेले आणि लोकर काढून घेऊन रिकामी पिशवी शेकोटीत टाकली.

मिरचीच्या पोत्यात मिरची किती उरते, हे ज्यांना पाहायचं असेल त्यांनी ते जाळून पाहावं. अर्ध्या मिनिटात मारुती सोडून सगळे मैदानात होते. समोरचा चहावाला दुकान उघडं टाकून पळाला.

सासूबाईंनी खोकत खोकत घराण्याची लाज सावरली. "दृष्ट काढी मी! पोरले नजर लागेल व्हती!"

आबा जुने माणूस. "मावशी, नजर ऱ्हायनी तं मिरचीना ठसका लागत नई. आठे तं जीव जाई ऱ्हायना! म्हंजे नजर नव्हतीच. मंग शिंका कसान्या?"

"आईच्या पिशवीच्या!" पल्लवी ओरडली. पोटची पोर!

आबांचा चेहरा उजळला. "गुरुजी, मिरचीनी शिंक अपशकुन धरतस का?"

गुरुजींनी नाक पुसलं. पंचांगावर काट मारलेले तीन मुहूर्त पाहिले, दक्षिणेचं ताट पाहिलं. "शास्त्रात मिरचीचा उल्लेख नाही," ते ठामपणे म्हणाले.

तिन्ही मुहूर्त परत मिळाले, त्यातला सोमवार ठरला. तो जाहीर होईपर्यंत मला टकळीसकट रस्त्याच्या पलीकडे, वाऱ्याची दिशा पाहून उभं करण्यात आलं होतं. माझ्या मुलीच्या लग्नाची तारीख मला चहावाल्यानं सांगितली!

लोकर नंतर पाच पाण्यांनी धुतली. (खूण धुतल्यावर केली.) मफलर तयार आहे, दिसायलाही बरा आहे. यादीत आता एकच ओळ उरली आहे: 'मफलर आधी स्वतःच्या गळ्यात घालून पाहणे'. पुढे जबाबदार व्यक्तीचं नाव लिहायचं आहे. घरात प्रत्येकाला विचारून झालं. विचारलं, की ज्याला त्याला लगेच शिंक येते. माझं नाव लिहावं म्हणून काल पेन उचललं, तर मलाही आली.