फुकटातला डेक

शेजारच्या ऑर्व्हिलने गवत कापायच्या पात्यांचा, ट्रॅक्टरखाली बसवायचा जुना डेक फुकट दिला, तेव्हाच व्हर्लिनच्या मनात पाल चुकचुकली. जुनी यंत्रं विकण्यात त्याचा स्वतःचा जन्म गेला होता. ओहायोत फुकट कोण काय देतं? त्याने पाती तपासली, बेअरिंगं फिरवून पाहिली. खोट सापडेना. डेक दुसऱ्या ट्रॅक्टरचा, म्हणून आपल्या ट्रॅक्टरखाली टांगायला त्याने नव्या पट्ट्या कापल्या. शेवटी आतलं वाळकं गवत खरवडताना पत्र्याला पडलेल्या चिरेवरचं ओबडधोबड वेल्डिंग दिसलं, वर रंग फासलेला.

"सापडलं!" कुंपणाशी जाऊन तो गरजला. "कुठल्या भामट्याने हा तुझ्या गळ्यात मारला?"

ऑर्व्हिल म्हणाला, "तूच की रे! चौदा वर्षांपूर्वी, आईची शपथ घेऊन."